चाळीसचं बेअरिंग

माझ्या भावाने बेअरिंग आधी विकत घेतलं आणि क्रँकशाफ्ट नंतर मोजला. हे वाक्य वाचून ज्यांना काही खटकलं नाही, त्यांच्यावरही माझा थोडा राग आहे. कारण त्या दिवशी ते कोणालाच खटकलं नव्हतं. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला नाही, मशीन शॉपच्या मालकाला नाही. उलट इतक्या जुन्या गाडीचं डबाबंद बेअरिंग शोधून काढलं म्हणून सगळ्यांनी दादाची पाठ थोपटली.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. माप आल्याशिवाय आमच्याकडे मागणी पुढे जात नाही. कोणी घाईघाईने आला आणि म्हणाला, "बोल्ट द्या," तर मी विचारते, कुठला, किती लांबीचा, कशासाठी. लोकांना याचा कंटाळा येतो. मला कंटाळा येतो तो न विचारता नेलेला बोल्ट संध्याकाळी परत येतो त्याचा. घरीही माझ्या याद्या असतात. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक. दादा मला 'स्टोअरकीपर' म्हणतो आणि ते कौतुकाने म्हणत नाही.

गाडी बाबांची. बाबा जनावरांचे डॉक्टर होते, कन्नड तालुक्यात सगळी नोकरी झाली. गाडी मूळची निजामाच्या एका अधिकाऱ्याची. पोलीस ॲक्शननंतर तो कुटुंबासह हैदराबादला निघून गेला आणि गाडी मोंढ्यातल्या एका आडत्याकडे आली. आडत्याचं पोट स्टिअरिंगमागे मावेना, म्हणून बरीच वर्षं ती त्याच्या गोदामात मिरच्यांच्या पोत्यांशेजारी उभी होती. त्याच्याकडून बाबांनी घेतली. इंग्रजी बनावटीची, काळी, चार सिलिंडरची. बाबांनी पहिलं काम केलं ते मागची सीट काढण्याचं. तिथे पोतं अंथरलेलं असायचं आणि त्यावर कधी धनगरांची अडलेली मेंढी, कधी पाय मोडलेलं करडू. मी पुढे बसून शाळेत जायची. माझ्या दप्तराला लेंड्यांचा वास येतो म्हणून वर्गातल्या मुली दूर सरकून बसायच्या. बसेनात का. घाटाकडच्या वस्त्यांवर त्या इंजिनाचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून आजारी जनावर बाहेर आणत. डॉक्टर आले हे सांगायला कोणाला पळावं लागत नसे.

बाबा गेल्यावर गाडी शेतातल्या शेडमध्ये राहिली. दादा अधूनमधून बाजाराच्या दिवशी ती कन्नडला न्यायचा. एका वर्षी इंजिन ठोकायला लागलं. आधी चढावर, मग सपाटीवर, मग उभ्या गाडीतसुद्धा. आतून कोणी हातोडीने दार वाजवावं तसा आवाज. तेलाच्या दाबाचा काटा गरम इंजिनावर खाली पडायचा आणि वर यायचं नाव घ्यायचा नाही. ही लक्षणं क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची असतात. दादाने त्यावर उपाय म्हणून घट्ट तेल घातलं आणि आणखी दोन महिने चालवली. त्या दोन महिन्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, नाहीतर पुढचं राहून जाईल.

मग अजिंठा रस्त्यावरचा एक हॉटेलवाला दादाकडे आला. त्याला गाडी हॉटेलच्या फाटकापाशी उभी करायची होती. चाकं सिमेंटात बसवून, बॉनेटमध्ये माती भरून झेंडूची रोपं लावून. पर्यटक फोटो काढतील. इंजिन नसलं तरी चालेल, किंबहुना काढूनच द्या म्हणाला.

"ट्रॅक्टर पावसात भिजतो आन् ही डबडी शेडात," दादा मला फोनवर म्हणाला. "तिथं निदान लोक बघतील तरी."

"बाबांच्या गाडीत झेंडू?"

"मंग काय मेंढ्या भरू?"

गाडी दोघांची होती, कागदावरही दोघांची. बरीच भांडाभांडी झाली आणि शेवटी एक ठरलं. इंजिनाचं काम मी करून घ्यायचं. दसऱ्याला वाहनांची पूजा असते. त्या दिवशी गाडी शहरातून शेतापर्यंत स्वतः चालत पूजेला आली, तर ती आपली. ओढून आणावी लागली, तर हॉटेलवाल्याची. दादाने हे लगेच मान्य केलं, कारण त्याला खात्री होती की ओढूनच आणावी लागणार.

शहागंजच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री होते. बाबांच्या वेळेपासून गाडी तेच बघायचे. त्यांच्याकडे इंजिन उतरवलं. क्रँकशाफ्ट बाहेर काढून केरोसीनने धुतला तेव्हा मी समोर होते. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पिस्टन वरखाली होतात आणि चाकांना मात्र गोल फिरावं लागतं. वरखालीचं गोल करून देणारा हा वाकडातिकडा जाड दांडा. त्याच्यावर गुळगुळीत गोल भाग असतात, त्यांना जर्नल म्हणतात. आमच्या इंजिनात तीन जर्नलवर दांडा स्वतः पेललेला आणि चार जर्नलवर चार पिस्टनचे दांडे, म्हणजे कॉनरॉड, अडकवलेले. जर्नलभोवती दोन अर्ध्या बांगड्यांसारखं बेअरिंग बसतं आणि जर्नल व बेअरिंग यांच्या मधल्या फटीत तेलाचा पातळ पदर राहतो. सगळा खेळ त्या पदराचा. फट वाढली की तेल निसटतं आणि ठोके सुरू होतात.

आमच्या जर्नलवर बोट फिरवलं तर नखाला चरे लागत होते. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर ०१० असा ठसा होता. म्हणजे बाबांच्या काळात शाफ्ट एकदा घासून झाला होता आणि दहाचं बेअरिंग बसवलं होतं. दहा म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दहा भाग. शाफ्ट चरे जाईपर्यंत घासायचा, तो जितका बारीक होईल तितकं जाड बेअरिंग घालायचं. मूळ माप, मग दहा, वीस, तीस, चाळीस. चाळीसच्या पुढे बेअरिंग बनत नाही. चाळीसच्या पुढे असतो भंगारवाला.

मिस्त्रींनी शाफ्ट साखळीला टांगला आणि हातोडीने हलकेच ठोकला. देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज आला.

"आवाज तो साफ है, बेटी," ते म्हणाले. "तडा रहता तो मटके जैसा बजता."

पण माझं एवढ्यावर भागेना. आम्ही शाफ्टला पुन्हा केरोसीन लावलं, कोरडा पुसला आणि वर खडूची पूड भुरभुरली. बारीकशी जरी चीर असली तरी आतलं केरोसीन खडूवर ओल उमटवतं. अर्धा तास वाट पाहिली. कुठेही रेघ उमटली नाही.

तरी दादाने मध्येच एक दुसरा शाफ्ट आणून टाकला. भंगारबाजारातून, मोटारसायकलवर, पोत्यात गुंडाळून. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा. "सेम टू सेम हाय," तो म्हणाला. "त्यानं शेजारी ठिवून दाखवला मला."

शेजारी ठेवले तर खरंच सारखे दिसत होते. लांबी तीच, बोल्टची भोकं तीच. मी फुटपट्टी घेतली आणि दांडा पेलणाऱ्या मधल्या जर्नलपासून पिस्टनच्या कडेच्या जर्नलचं अंतर मोजलं. नव्यात ते थोडं जास्त होतं. म्हणजे हा शाफ्ट घातला असता तर पिस्टन आपल्या जागेपेक्षा वर चढला असता आणि बहुधा पहिल्याच फेरीत व्हॉल्व्हला धडकला असता.

"पाव इंचसुद्धा नाय," दादा म्हणाला.

"पाव इंचाने तुझं डोकं दाराच्या चौकटीला लागतं का नाही?"

"लागतं."

"मग?"

मिस्त्री हसले. दादा नाही हसला. तो शाफ्ट परत पोत्यात गेला आणि ठरलं, की आपलाच शाफ्ट घासून घ्यायचा.

आता पुढचा क्रम. तो मी दादाला गॅरेजमध्ये उभं करून सांगितला. एक, शाफ्ट मशीन शॉपला नेऊन सातही जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे. दोन, चरे कुठल्या मापाला निघतात ते ठरवायचं. तीन, त्या मापाचं बेअरिंग शोधायचं. चार, बेअरिंग हातात आल्यावरच घासायचं. त्याच आठवड्यात कारखान्यात स्टॉक मोजणी होती, मला हलता येत नव्हतं. दादा म्हणाला, "म्या नेतो क्रँक. लई बोलू नको. चार वाक्यं हायेत, ध्यानात राहतील."

राहिली असतील. पण तो उलट्या क्रमाने गेला.

वाटेत त्याने एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज विचारलं. दुकानदाराने माळ्यावरून धुळीचा डबा काढला. चाळीसचा पूर्ण सेट, मूळ कंपनीचा. दादाला आकाश ठेंगणं झालं. डबा घेऊन तो चिकलठाण्याच्या मशीन शॉपला गेला, शाफ्ट आणि डबा दोन्ही टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हे ह्याला बसवा." मालकाने डब्यावरचं चाळीस वाचलं, बेअरिंग मोजलं आणि शाफ्ट मशीनवर चढवला. मग दादाने मला फोन केला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काम झालं बघ! बेअरिंग घावलं. घासाया घेतला बी."

"मोजला?"

"काय?"

"शाफ्ट. शाफ्ट मोजला का?"

मागे मशीनचा आवाज. "अगं, बेअरिंग चाळीसचं हाय. मंग मोजायचं काय?"

मी मोजणीची यादी सहकाऱ्याच्या हातात दिली आणि निघाले. ते मशीन शॉप आमच्या कारखान्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे. माझ्या स्कूटरला तेवढी वाटसुद्धा लांब वाटली.

आत गेले तर शाफ्ट मोठ्या मशीनवर फिरत होता, दगड त्याच्यावर टेकलेला, पांढरं पाणी वाहतंय. मालक लगबगीने पुढे आला. "या मॅडम, बसा. चहा सांगतो. भाऊंनी सगळं समजावलंय."

"मशीन बंद करा."

"अहो, ऐका तर खरं."

"आधी बंद करा. मग ऐकते."

त्याने दादाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. आमच्या शहरात बाईने मशीन बंद करा म्हटलं तर आधी तिच्यासोबतच्या पुरुषाकडे पाहण्याची पद्धत आहे, आणि त्या पुरुषाने स्टोव्हची पिनसुद्धा कधी बदललेली नसली तरी चालतं. दादा छताकडे बघत होता. मीच जाऊन लाल बटण दाबलं.

"किती झाले?"

"एक झालाय. कॉनरॉडचा पहिला. दुसऱ्याला नुसता टेकला होता."

"चाळीसला?"

"चाळीसला. एकदम आरसा केलाय, बघा."

खरोखर आरसा होता. जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो तिथली गोलाईसुद्धा त्याने नीट राखली होती. तो कोपरा धारदार राहिला तर शाफ्ट तिथूनच तुटतो आणि अर्ध्या मशीन शॉपना हे माहीत नसतं. याला माहीत होतं. कारागिरीत दोष काढावा तर जागा सापडेना, आणि त्याने राग अजूनच वाढला. इतका चांगला हात असलेल्या माणसाला मोजावंसं वाटू नये!

"दुसरा मोजा," मी म्हटलं. "आता. माझ्यासमोर."

त्याने मायक्रोमीटर लावला. मग तिसरा, मग चौथा, मग मधले तीन. मी आकडे लिहून घेत गेले. प्रत्येक जर्नलचे चरे वीसच्या मापात आरामात निघत होते. सगळेच्या सगळे. पहिलाही निघाला असता.

"वीसला साफ होत होता," मी म्हटलं. "तुम्ही चाळीसला का नेला?"

"बेअरिंग चाळीसचं आहे ना मॅडम."

"बाजारात सदरा आखूड मिळाला तर तुम्ही हात कापता का?"

दादा कळवळून म्हणाला, "अगं, कुठंच मिळंना झालतं. लई नशीब म्हणून हे घावलं. डब्याचं सील बी फोडलेलं नव्हतं."

"इंजिनात डबा बसवायचाय का आपल्याला?"

"तू कारखान्यातलं इथं नको लावू. इथं जे मिळतं त्यावर काम चालतं."

मालकाने मान डोलावली. "भाऊ बरोबर बोलतायत. सगळे असंच करतात, मॅडम. मागं एक ट्रॅक्टर आला, त्याचंही असंच केलं. आता तो मस्त चालतोय."

"आणि परत ठोकायला लागला की?"

"येईल की इथंच. धंदा आहे."

तो हसला, दादाही हसला. मला आजही ते हसणं आठवलं की कानशिलं तापतात. लोखंड घासलं की गेलं. ते पाण्यासोबत वाहून खालच्या ट्रेमध्ये राखेसारखं बसतं. वीसला थांबला असता तर त्या जर्नलचं तीस बाकी होतं, चाळीस बाकी होतं. बाबांची गाडी आणखी दोनदा बांधता आली असती. ती दोन आयुष्यं एका सकाळी ट्रेमध्ये गेली, कारण डब्याचं सील फोडलेलं नव्हतं. आणि यात कोणीही लबाडी केली नव्हती. कोणाला फायदा नव्हता. सगळे मनापासून मदत करत होते. लबाड माणसाशी मला भांडता येतं. मनापासून मदत करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

"आता काय तर सगळेच चाळीसला करून टाका," दादा म्हणाला. "एक झालाच हाय."

"करून टाकतो," मालक म्हणाला आणि बटणाकडे गेला.

"हात लावू नका," मी म्हटलं.

मी स्टुलावर बसले. चहा आला होता, तो प्यायले. डबा उघडला. आत कागदात गुंडाळलेल्या जोड्या होत्या, प्रत्येक कॉनरॉडला एक जोडी, मधल्या जर्नलना वेगळ्या. मी एक जोडी बाहेर काढून हातात धरली. स्टोअर्समध्ये आम्ही सेट म्हणून माल आणतो, पण देताना नग देतो. सेट हा दुकानदाराचा हिशोब. पहिल्या जर्नलला काय घातलंय याच्याशी दुसऱ्या जर्नलला काही देणंघेणं नाही.

"पहिल्याला ही चाळीसची जोडी," मी म्हटलं. "बाकी सहा वीसला घासायचे. पण वीसचं बेअरिंग मी हातात आणून देईपर्यंत नाही."

मालक आ वासून बघत राहिला. "एका क्रँकला दोन मापं? मॅडम, लोक हसतील."

"लोक इंजिनाच्या आत येऊन बसणार आहेत का?"

तरी त्याचं समाधान होईना. मी मिस्त्रींना फोन लावला आणि फोन त्याच्या कानाला दिला. पलीकडून मिस्त्रींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हौ, चलता. ट्रकां में कित्ते बार करे हम. निशान डालके रखो, बस. और बेटी जैसा बोलती वैसाच करो, भई, नै तो वो मशीन उठाके ले जाएगी." मालकाने फोन परत दिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "ठीक आहे. बेअरिंग आणा."

वीसचं बेअरिंग शहरात नव्हतं. मी ओळखीच्या सगळ्या दुकानांत विचारलं, जालन्यात विचारलं, पुण्याला फोन केले. शेवटी मिस्त्री म्हणाले, हैदराबादला बघ, ह्या गाड्या तिकडूनच आल्या होत्या. दसरा जवळ येत होता. मी शनिवार-रविवारला जोडून रजा घेतली आणि रेल्वेने गेले. तिथे जुन्या मोटारींच्या सामानाचं एक दुकान सापडलं. काउंटरवर माझ्याच वयाचा माणूस होता. मी जर्नलची मापं लिहिलेला कागद त्याच्यासमोर ठेवला.

"साब किधर हैं?" त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं.

"साब नहीं हैं. माप है."

तो आत गेला, बराच वेळ खुडबुडला आणि एक डबा घेऊन आला. तीसचा. "ये ले जाओ, मैडम. मशीन पे थोड़ा और मार लेंगे, बराबर हो जाएगा."

मी हैदराबादच्या त्या दुकानात उभी राहून मराठीत काय बोलले ते त्याला कळलं नसावं, पण सूर कळला. तो पुन्हा आत गेला. या वेळी आणखी उशीर लागला. आला तेव्हा कपाळाला जळमटं होती आणि हातात वीसचा डबा होता. डबा फाटलेला, सुतळीने बांधलेला. म्हणजे माल पहिल्यापासून होता. फक्त वरच्या फळीवर होता.

मी एकेक जोडी कागदातून काढली, प्रत्येकीच्या पाठीवरचा ०२० वाचला, नखाने पृष्ठभाग तपासला आणि मगच घेतली. परतीच्या प्रवासात तो डबा मांडीवर होता. शेजारच्या बाईंना वाटलं त्यात मिठाई आहे. त्या प्रत्येक स्टेशनवर त्याच्याकडे बघत होत्या.

शाफ्ट घासून आला. पहिल्या जर्नलशेजारी मी लाल रंगाने ठिपका दिला आणि मिस्त्रींनी इंजिन बांधायला घेतलं. मी रोज कारखान्यातून थेट गॅरेजला जायची. ते बेअरिंगला तेल लावून शाफ्ट ठेवायचे, बेअरिंग वरून दाबून धरणारी एक टोपी आवळायचे आणि मला म्हणायचे, "घुमा." मी एका हाताने शाफ्ट फिरवायची. जड लागला तर टोपी परत खोलायची, पुसायची, बघायची. मग दुसरी टोपी. लाल ठिपक्याच्या जर्नलपाशी मी दोनदा फिरवून बघितला. बाकीच्यांइतकाच हलका फिरला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काम जमलं म्हणून चूक नव्हती असं होत नाही, आणि आमच्याकडे नेमकं तसंच होतं. जमलं की सगळे म्हणतात, बघा, उगाच आरडाओरडा केला.

इंजिन सुरू झालं तेव्हा मिस्त्रींनी लाकडी पट्टी ब्लॉकला लावून दुसरं टोक कानाला टेकवलं. बराच वेळ ऐकलं. मग पट्टी माझ्या हातात दिली. आत नुसती एकसारखी घरघर होती. ठोका नव्हता. तेलाचा काटा वर चढून तिथेच थांबला होता.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी एकटीने काढली. नव्याने बांधलेलं इंजिन पळवायचं नसतं, म्हणून मी बैलगाडीपेक्षा जरा वेगात चालले होते. दौलताबादचा किल्ला बराच वेळ काचेत राहिला. काळ्या-पिवळ्या जीपवाले हॉर्न देत पुढे जायचे आणि जाताना आतली माणसं वाकून बघायची. एकाने ओरडून विचारलं, "मावशी, ढकलू का?" वेरूळच्या चढावर मी पुन्हा पुन्हा काट्याकडे बघत होते. तेवढ्यासाठी मी दोन वेळा थांबलेही. काटा हलला नाही.

शेतावर पोचले तेव्हा ट्रॅक्टर धुऊन, हळदकुंकू लावून उभा होता. त्याच्याशेजारी हॉटेलवाला उभा होता. त्याने येताना टेम्पो आणला होता आणि टेम्पोत दोर होता. मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरले, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं जमली. एक म्हातारी धनगरीण बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टरचीच हाय व्हय ही?"

दादाने गाडीला प्रदक्षिणा घातली. बॉनेट उघडून आत बघितलं, कान दिला. त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला. मला वाटलं आता हा काहीतरी म्हणेल. चुकलं म्हणेल, निदान बरं झालं म्हणेल.

हॉटेलवाला पुढे आला. "मालक, चालू गाडीचा भाव वेगळा देतो. बोला."

"नाय इकायची," दादा म्हणाला.

"अहो, पण आपलं ठरलं होतं."

"ठरलं हुतं की चालत आली तर ऱ्हाईल. आली ना चालत?" मग तो जमलेल्या माणसांकडे वळला आणि बॉनेटवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, "पंचक्रोशीत कुणाला घावलं नसतं असलं बेअरिंग हाय ह्यात. सीलबंद. म्या स्वतः हुडकून आणलंय!"

लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी "वा, दादा" म्हणालं. म्हातारीने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

मी तोंड उघडलं. सात जर्नलपैकी एक, असं म्हणणार होते. त्या एकाचं पुढचं बेअरिंग जगात बनत नाही, हे म्हणणार होते. सहा बेअरिंग हैदराबादहून मांडीवर आली, तेही म्हणणार होते. दादाने तोवर झेंडूचा हार उचलला होता आणि हॉटेलवाला टेम्पोत बसून दार ओढत होता. टेम्पो बांधावरून पलीकडे जाईपर्यंत मी गप्प राहिले. गाडी त्याच्या बेअरिंगमुळे राहिली असं दादाला वाटत असेल, तर तो ती पुन्हा कोणाला विकणार नाही, एवढं मला कळत होतं. आणि ते कळत असूनही मला इतका संताप आला होता, की आरतीचं ताट माझ्या हातात दिलं तेव्हा मी ते उलट्या दिशेने ओवाळलं आणि कोणीही मला टोकलं नाही.